पटावर नाही

सप्टेंबर २०२२. शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा चालू होता आणि माझ्या टेबलावर जेवणाच्या सवलतीच्या फॉर्मांचे गठ्ठे येऊन पडत होते. न्यू जर्सीतल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, हिशेब खात्यात मी बरीच वर्षं काम करते. हे फॉर्म तपासणं एरवी माझ्याकडे नसतं, पण त्या वर्षी ऑफिसात माणसं कमी होती, तेव्हा निम्मे मी घेतले. फॉर्म उघडायचा, घरात माणसं किती ते बघायचं, मिळकत बघायची, तक्त्याशी ताडून शिक्का मारायचा. चौघांच्या घराला वर्षाला ३६,०७५ डॉलरपर्यंत जेवण मोफत, ५१,३३८ डॉलरपर्यंत सवलतीच्या गटात. दुपारपर्यंत हे आकडे तोंडपाठ होतात आणि हात आपोआप चालतात. त्यात एक फॉर्म असा निघाला की हात थांबला. मुलाचं नाव आणि चौथी इयत्ता एवढंच इंग्रजीत. पुढच्या सगळ्या रकान्यांवरून एक तिरकी रेघ ओढलेली, आणि रेघेखाली निळ्या बॉलपेननं, कागदाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतील इतकं दाबून, देवनागरीत लिहिलेलं: गरज नाही.

आमच्या ऑफिसात ते दोन शब्द वाचू शकणारी मी एकटी. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कदाचित रागाच्या भरात माणूस शिवी जशी आपल्या भाषेत देतो, तसा नकारही आपल्या भाषेतच निघाला असेल. मी तो कागद थोडा वेळ हातात धरून बसले. मग ‘अर्ज नाही’ असं लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकला आणि पुढचा फॉर्म उघडला. त्या घराची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील मी बदलले आहेत. ते दोन शब्द मात्र आहेत तसेच आहेत.

त्याआधीची दोन वर्षं हा फॉर्म कुणी मागितलाच नव्हता. करोनात केंद्र सरकारनं शाळेतलं जेवण सरसकट सगळ्या मुलांना मोफत केलं होतं. शाळा बंद होत्या तेव्हा पार्किंगमध्ये टेबलं मांडून पिशव्या वाटायचो. गाडी यायची, काच खाली व्हायची, आतून बोटं वर व्हायची, दोन किंवा तीन, तेवढ्या पिशव्या आत द्यायच्या. नाव विचारायचं नाही, मिळकत तर नाहीच नाही. मोठ्या गाड्या यायच्या, मोडक्याही यायच्या, सायकलवरून एक आजोबा यायचे. त्या दोन वर्षांत मला कामाचा जो आनंद मिळाला तो आधी कधी मिळाला नव्हता, आणि भोवती माणसं मरत असताना असं वाटल्याचं अपराधीपणही आहे. ३० जून २०२२ला ती सूट संपली. सप्टेंबरात पुन्हा फॉर्म, पुन्हा तक्ते, पुन्हा ‘तुमची मिळकत किती?’

त्याच दिवसांत माझ्या मागच्या कपाटात तीन जाडजूड फाइली होत्या. इकडच्या शाळांच्या ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘एसर’, म्हणजे करोनाकाळात केंद्रानं शाळांना दिलेला मदतनिधी, म्हटलं की तो या तीन फाइलींबद्दल बोलायला लागेल. पहिली मार्च २०२०च्या केअर्स कायद्याची, दुसरी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली, तिसरी मार्च २०२१ची, सगळ्यांत मोठी. पहिल्या खेपेला देशभरच्या शाळांसाठी सुमारे १३ अब्ज डॉलर, मग ५४ अब्ज, मग १२२ अब्ज. एकूण १९० अब्जांच्या आसपास. अमेरिकेच्या सरकारी शाळांत केंद्राचा पैसा एरवी रुपयात आठ-दहा पैसे इतकाच असतो. बाकीचा राज्याचा आणि गावाचा. गावाचा म्हणजे घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्सचा, त्यामुळे ज्या गावात घरं महाग त्या गावच्या शाळेत ग्रंथालय मोठं. अशा व्यवस्थेत केंद्राकडून एवढा पैसा एकदम येणं हे माझ्या उभ्या नोकरीत घडलं नव्हतं. रोजच्या खर्चाचा फंड ११ आणि बाहेरून आलेल्या ग्रँटांचा फंड २०, असे आमचे हिशेब असतात. एरवी अंग चोरून बसलेला फंड २० त्या तीन वर्षांत पानंच्या पानं खाऊ लागला.

आणि तरीही पैसा कधीच ‘येत’ नसे, हे बाहेरच्यांना समजावताना माझी दमछाक व्हायची. पेपरात आकडा छापून यायचा, पालक विचारायचे, ‘तुम्हाला एवढे मिळाले, गेले कुठे?’ आम्हाला मिळालेली असायची ती परवानगी. आधी योजना लिहायची, तिला राज्याची मंजुरी घ्यायची, ऑर्डर द्यायची, माल आला की आपल्या खिशातून बिल भागवायचं, मग पावत्या जोडून राज्याच्या पोर्टलवर परतावा मागायचा, आणि तो आला की पुन्हा पुढची ऑर्डर. तिसऱ्या फाइलीत अट होती की किमान २० टक्के रक्कम मुलांचं बुडालेलं शिक्षण भरून काढण्यावरच घालायची. उरलेल्यातून हवा खेळती ठेवायची यंत्रं, क्रोमबुकं, उन्हाळी वर्ग, एक समुपदेशक, वाचन कच्चं असलेल्या मुलांसाठी दोन शिक्षिका. सगळ्यांत आधी घेतलेले बाकांवरचे ॲक्रिलिकचे पडदे आता तळघरात उभे आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मालमत्तेच्या नंबराचं स्टिकर, पहिलीतल्या कुणी कुणी नखानं खरवडलेलं. एका पडद्यावर आतल्या बाजूनं चिमुकल्या बोटांचे ठसे अजून तसेच आहेत. तळघरात गेले की पुसायचं मनात येतं, आणि पुसत नाही.

त्या समुपदेशक बाई २०२४च्या जूनमध्ये गेल्या. पैसे ३० सप्टेंबर २०२४पर्यंतच कुठल्या ना कुठल्या खर्चाला बांधून टाकता येणार होते आणि माणसाचा पगार दरवर्षी लागतो. त्यांच्या खोलीत मांडलेल्या वाळूच्या ट्रेपाशी रोज मधल्या सुट्टीत येऊन बसणारी एक मुलगी होती. सप्टेंबरात ती दोनदा त्या बंद दारापाशी जाऊन परत आली, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं. माझ्या हिशेबात त्या खर्चाच्या ओळीपुढे शून्य शिल्लक, म्हणजे काम चोख झालं होतं.

हा पैसा कुणाला किती द्यायचा हे ठरलं कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. सूत्र ठरलेलं होतं. ‘टायटल वन’ नावाच्या जुन्या योजनेतून ज्या राज्याला जेवढा हिस्सा मिळतो, त्याच प्रमाणात हाही पैसा. राज्यानं त्यातला किमान ९० टक्के पुन्हा त्याच प्रमाणात डिस्ट्रिक्टांना द्यायचा. टायटल वन म्हणजे गरीब मुलांच्या शाळांसाठीचा पैसा, १९६५च्या कायद्यातला. त्या कायद्यावर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यानं सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे. टेक्सासमध्ये ज्या एका खोलीच्या शाळेत तो लहानपणी गेला होता, तिच्या अंगणात टेबल मांडून, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून केली. ११ एप्रिल १९६५. तो स्वतःही काही काळ मास्तर होता. १९२८ साली टेक्सासमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवताना पोरं न खाता शाळेत येतात हे त्यानं पाहिलं होतं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तो ते बोलूनही दाखवायचा. उपाशी पोरं समोर बसलेला मास्तर पुढे कायदा करतो तेव्हा तो कसा करेल? मला हे वाचल्यावर आमचे अण्णा आठवले. ते कायदे करण्याइतके मोठे कधी झाले नाहीत. त्यांच्या हातात फक्त एक ओगराळं होतं.

अण्णा माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७२चा दुष्काळ. मी तेव्हा पहिलीत, त्यांच्याच शाळेत. त्या वर्षाचं फारसं काही मला आठवत नाही. विहिरीच्या तळाचा तडे गेलेला गाळ आठवतो, खडी फोडायला जाणाऱ्या बायकांच्या पायांना बांधलेल्या चिंध्या आठवतात आणि सुकडी आठवते. मधल्या सुट्टीत शाळेच्या ओसरीवर ओळीनं बसायचं, पुढ्यात ज्याची त्याची ताटली, नसेल त्याच्यापुढे पळसाचं पान. अण्णा बादली घेऊन यायचे. पिवळसर, भरड, गोडूस, घशाला कोरडी लागणारी. पाणी प्यायल्याशिवाय उतरायची नाही आणि पाणी तर मोजून. एकाला एक ओगराळं. मास्तरांची मुलगी म्हणून मला कधी जास्त मिळालं नाही, उलट काठावरचं निपटून वाढलं जायचं. घरी लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या, त्या थापताना फाटायच्या. आई म्हणायची, ‘अमेरिकेची ज्वारी हाय, तिला आपला हात कळत नाही.’ अमेरिका हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, काठवटीपाशी.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिचा भाऊ चार वर्षांचा. आईबाप कामावर गेले की ती त्याला काखेत मारून शाळेत आणायची. तो ओळीत तिच्या मांडीला टेकून बसायचा. सुकडी पटावरच्या मुलांसाठी होती. पट, हजेरी, शिजलेलं, वाढलेलं, उरलेलं, सगळं वहीत लिहावं लागे आणि तपासणीचे साहेब सायकलवरून येऊन ती वही बघत. तो पोरगा पटावर नव्हता. अण्णा त्याच्यापुढून बादली घेऊन जाताना मी पाहिलं आहे. तो काही मागायचा नाही, नुसता ओगराळ्याकडे बघायचा, ओगराळं पुढे गेलं की मान तिकडे वळायची. ती मुलगी आपल्यातलं अर्धं त्याला द्यायची. चार-सहा दिवसांनी काय झालं कुणास ठाऊक, अण्णांनी त्याच्यापुढेही पान टाकलं. त्या दिवशी वर्गातला एक मुलगा आजारी होता. संध्याकाळी अण्णा हजेरी लिहायला बसले तेव्हा त्यांच्या पाठीला लोंबकळत मी बघत होते. गैरहजर मुलाच्या नावापुढे त्यांनी हजेरी मांडली. मी म्हटलं, ‘अण्णा, तो आला नव्हता.’ ते म्हणाले, ‘त्याच्या वाटचं कुणीतरी आलं होतं.’

पुढे बी.कॉम. होऊन मी हिशेबाची नोकरी धरली तेव्हा अण्णांना फार आनंद झाला होता. ‘खोटं लिहू नको,’ एवढंच म्हणाले. मला वाटतं त्यांना ती हजेरी कायम टोचत राहिली असणार. मला ती टोचत नाही. पण माझ्या हातून तसं कधी होणार नाही, हेही मला पक्कं माहीत आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

आणि हेही लिहायला हवं की शाळकरी पोरांसाठी तो कायदा करणाऱ्या जॉन्सननंच १९६६च्या सुमारास भारताला जाणारा गहू हात आखडून, एकेक खेप अडवत सोडला होता. आमच्या दुष्काळाच्या आधीची ही गोष्ट, बिहार होरपळत होता तेव्हाची. कोटुलाची उपाशी पोरं आठवून गलबलणारा माणूस दुसऱ्या देशाच्या धान्याचा दोर महिन्या-महिन्याला ओढत होता. त्याच्या पटावर कोण होतं आणि कोण नव्हतं, एवढाच फरक. माणसाच्या दयेलाही पट असतो, हे मला फार उशिरा उमगलं.

तर सूत्र. करोना ओसरल्यावर एका शनिवारी मी मुद्दाम बसून टायटल वनचं सूत्र मुळापासून समजून घेतलं. गरीब मुलं किती हे जनगणना खातं अंदाजानं काढतं, दर डिस्ट्रिक्टमधली ५ ते १७ वयाची. तो अंदाज तयार होऊन पैशाच्या हिशेबात उतरेपर्यंत दोन वर्षं जातात. म्हणजे २०२१ साली जाहीर झालेला सगळ्यांत मोठा हप्ता २०१८ साली कोण गरीब होतं यावर वाटला गेला. २०१८! तेव्हा ज्याचं हॉटेल चालत होतं, जो टॅक्सी चालवत होता, जिची घरकामाची पाच घरं होती, ती सगळी माणसं त्या यादीत धडधाकट होती. संकट आलं २०२०ला आणि यादी संकटाच्या आधीची. शिवाय गरिबीची रेघ देशभर जवळपास एकच, मिसिसिपीच्या खेड्यात तीच आणि आमच्या न्यू जर्सीत तीच, घरभाडं तिप्पट असलं तरी. उलट सूत्रात अशीही एक खुंटी आहे की जे राज्य शाळांवर मुळात जास्त खर्च करतं त्याला दर गरीब मुलामागे जास्त रक्कम मिळते. आमचं राज्य खर्चीक, तेव्हा त्याचा फायदा आम्हाला आणि तोटा मिसिसिपीच्या पोराला. हे कळल्यावर माझ्याच फाइलीतला पैसा मला थोडा परका वाटू लागला.

डेट्रॉइटला मुलामागे सुमारे २५,००० डॉलर आले, सगळे मिळून १.२७ अब्ज. तिथल्या शाळांचे बॉयलर आणि छपरं इतक्या वर्षांची थकलेली होती की त्यांनी त्यातले ७० कोटी इमारतींवर घालायचं ठरवलं. कुणी म्हणेल फार झालं. मी तसं म्हणणार नाही, गळक्या छपराखाली मी शिकले आहे. आमच्या डिस्ट्रिक्टला मुलामागे हजारसुद्धा आले नाहीत. ज्या डिस्ट्रिक्टांना टायटल वन मिळतच नाही त्यांना सूत्रातून काहीच आलं नाही. त्यांना राज्यानं स्वतःकडच्या १० टक्क्यांतून काही दिलं तर दिलं. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ साली हिशेब मांडला की मुलामागे हजार डॉलर जादा आले तिथे गणितात वर्षाच्या अभ्यासाच्या सुमारे ३ टक्के भर पडली. १८० दिवसांच्या शाळेत ते पाच-साडेपाच दिवस होतात. काहींनी हे वाचून हात झटकले. मला ते साडेपाच दिवस डोळ्यांपुढे दिसतात. आमच्या त्या दोन वाचनाच्या शिक्षिका एकेका मुलाशेजारी खुर्ची ओढून बसायच्या, बोट शब्दाखाली धरून थांबायच्या. घाई न करता कुणीतरी आपल्यासाठी थांबणं साडेपाच दिवस मिळालं, तर ते कमी कसं?

आणि सूत्राच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. केअर्स कायदा २७ मार्च २०२०चा, आणि महिना उलटायच्या आत कुठल्या राज्याला किती हे जाहीर झालं होतं. पन्नास राज्यं, हजारो डिस्ट्रिक्टं. कुणाला वॉशिंग्टनला जाऊन हात पसरावा लागला नाही, कुणा आमदाराची चिठ्ठी लागली नाही. आमच्याकडे दुष्काळी काम आपल्या गावात निघावं म्हणून कुठल्या पुढाऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसावं लागे, ते मला माहीत आहे. सूत्राला तोंड बघून वाढता येत नाही, हाच त्याचा मोठेपणा. आणि सूत्राला तोंड दिसतच नाही. ओळीत मांडीला टेकून बसलेलं, पटावर नसलेलं पोर त्याला दिसायचं कसं?

पुढच्या फेब्रुवारीत ती बाई आली.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. खिडकीशी उभी. वेअरहाऊसमध्ये घालतात ते पोपटी चमकतं जॅकेट अंगावर, थंडीनं नाक लाल. हातात झिपची छोटी पिशवी, तीत घड्या घातलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा आणि खुर्दा. मुलाच्या जेवणाच्या खात्यावर थकबाकी झाल्याची चिठ्ठी तिनं काचेखालून सरकवली. ४७ डॉलर ३५ सेंट. नाव वाचल्याबरोबर मला तो निळा बॉलपेन आठवला. तिनं माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही मराठी ना?’

‘हो. तुम्ही कुठल्या?’

‘अकोल्याच्या. तुम्ही?’

‘माणदेशातली. साताऱ्याकडची.’

‘लई लांब आलो नं आपण,’ ती म्हणाली आणि हसली. मग लगेच, आवाज खाली आणून, ‘ह्यांची नोकरी गेली असं नाही हो. बदलून राहिले. मधात थोडं लांबलं.’ मी काही विचारलं नव्हतं. पैसे मोजायला घेतले. नोटा ओलसर होत्या, एकमेकींना चिकटत होत्या. तीन क्वार्टर, बाकी चिल्लर. मी मोजते आहे आणि ती माझ्या हातांकडे बघते आहे. मला म्हणायचं होतं, तो फॉर्म भरा ना, वर्षात केव्हाही भरता येतो. जिभेवर आलं होतं. पण फॉर्ममध्ये काय आहे, काय नाही, हे कुणाजवळ काढायचं नाही असा नियम, आणि माझ्या शेजारी दोन माणसं उभी. आणि खरं सांगायचं तर नियम पुढे केला हे अर्धंच कारण. तिनं एवढ्या दाबून लिहिलं होतं, गरज नाही. ते वाचणारी बाई मीच हे तिला कळलं, तर ती काचेच्या पलीकडे उभी राहू शकेल का, असं वाटलं.

‘पावती द्या फक्त,’ ती म्हणाली.

मी पावती दिली.

आमच्या कॉलेजात दर जूनला ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलतीचे फॉर्म भरायचा दिवस असे. कारकून वर्गात यायचा आणि म्हणायचा, ‘ई.बी.सी.वाले उभे राहा.’ तलाठ्याचा दाखला हातात घेऊन निम्मा वर्ग उभा राहायचा. मला प्राथमिक शिक्षकाची मुलगी म्हणून वेगळी सवलत होती, त्यामुळे मी बसलेली असायची. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण पायाच्या अंगठ्यानं फरशीची रेघ घासत राहायची. गरज या शब्दाची सल मला तिथे कळली. म्हणून ‘गरज नाही’ वाचल्याबरोबर मी त्याचा अर्थ लावून टाकला: मान. ताठ मान. तिला धक्का लावू नये. किती महिने मी हा अर्थ सांभाळत बसले. आमच्या मंडळातल्या एका ओळखीच्या मुलीनं एकदा बोलता बोलता सांगितलं की ग्रीन कार्डाची फाइल चालू असेपर्यंत सरकारचं काहीही फुकट घ्यायचं नाही, असं त्यांच्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना बजावतात. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. शाळेतलं जेवण त्या भानगडीत धरलं जात नाही. फॉर्म तर कुणाला व्हिसाचं विचारतही नाही. हे मला माहीत होतं. मला वीस वर्षं माहीत होतं. तिनं दाबून लिहिलेलं ते मानेनं नसेल, भीतीनं असेल. आणि मी काचेच्या अलीकडे बसून नोटा मोजत होते.

एक फॉर्म न भरल्यानं एका ताटाचाच प्रश्न राहत नाही, हेही मला माहीत होतं. १५ ऑक्टोबरला आमच्या राज्यात मुलांची गणती होते. त्या दिवशी सवलतीच्या यादीत किती मुलं आहेत यावर राज्याची मदत ठरते, आणि डिस्ट्रिक्टच्या आत कुठल्या शाळेला टायटल वनचा किती पैसा जावा हेही बहुतेक ठिकाणी याच यादीवरून ठरतं. दोन वर्षं सगळ्यांना जेवण मोफत होतं तेव्हा फॉर्म भरायची सवयच सुटली, आणि कित्येक शाळांची गरिबी कागदावर उगीचच कमी झाली. घरी काही बरं झालं नव्हतं. कुणी लिहून दिलं नव्हतं, इतकंच. वॉशिंग्टनचं सूत्र उंचावर असतं, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. पण त्याच्या तळाशी, शेवटच्या टोकाला, एक कागद आणि एक बॉलपेन असतो, आणि तिथे मी बसलेली होते.

२०२३च्या ऑगस्टमध्ये मी आमच्या साहेबांना विचारलं की फॉर्मसोबत जाणाऱ्या पत्राचं मराठी करून देऊ का. गुजराती, हिंदी, तेलुगू पत्रं इकडून तिकडून मिळाली होती, मराठी नव्हतं. ते म्हणाले, ‘करा, सगळ्यांनाच पाठवू.’ दोन रात्री बसले. ‘फ्री लंच’ला काय म्हणायचं? फुकट लिहिलं तर हात झिडकारला जाणार. मोफत म्हणजे निवडणुकीची जाहिरात. सवलत म्हटलं की कारकून दारात उभा राहून म्हणतो, उभे राहा. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, ‘शाळेचं जेवण एवढंच लिही ना.’ ते पटलं. शाळेचं जेवण. आणि पहिलं वाक्य मी इंग्रजी पत्रात नसलेलं घातलं, साहेबांकडून मंजूर करून घेऊन: या फॉर्मचा तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांशी काहीही संबंध नाही. त्याखाली: हा फॉर्म भरल्यानं तुमच्या मुलाच्या शाळेला मिळणारा पैसा वाढतो. पत्राखाली माझं नाव आणि फोनचं एक्स्टेन्शन.

त्या सप्टेंबरात चार जणींचे फोन आले. एकीनं विचारलं, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, ते घरातली माणसं धरायची का? एकीनं नुसतंच विचारलं, ‘खरंच नाही ना संबंध?’ आणि मी नाही म्हटल्यावरही फोन ठेवला नाही, तिकडून भांड्यांचा आवाज येत राहिला. आधी मराठी घरांतून एखाददुसरा फॉर्म यायचा, त्या वर्षी सात आले. पुढे न्यू जर्सीनं मोफत जेवणाची मर्यादा आणखी वर नेली, तेव्हा आणखी आले.

त्या मुलाचं नाव मी संगणकात शोधलं होतं. शोधायला नको होतं, पण शोधलं. नावापुढे होतं, बदली, जून २०२३. दुसऱ्या राज्यात. तिथल्या पटावर त्याचं नाव चढलं असेल. तिथे कुणी मराठी बसलेलं असेल नसेल.

एसरच्या फाइलीही आता तळघरात गेल्या आहेत. २८ मार्च २०२५ला केंद्राचं शिक्षण खातं राज्यांना पत्र पाठवून म्हणालं की उरलेले पैसे उचलायला दिलेली मुदतवाढ त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता संपली. ज्या डिस्ट्रिक्टांची बिलं भरून झाली होती आणि परतावा यायचा होता, त्यांची तोंडचं पाणी पळाल्यासारखी गत झाली. सोळा राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. कोर्टात गेली, मे महिन्यात स्थगिती मिळाली. आमचं त्यात काही अडकलेलं नव्हतं. मी तरी ते कळल्यावर उगाच घड्याळाकडे बघत बसले होते.

फॉर्मांची खोकी एसरच्या फाइलींच्या शेजारीच आहेत, ॲक्रिलिकच्या पडद्यांना टेकवून. ठरलेली वर्षं ठेवायची आणि मग फाडायला पाठवायची. मागच्या आठवड्यात २०२२-२३चं खोकं पुढे ओढलं, ‘अर्ज नाही’चा लिफाफा काढला, तो कागद सापडला. शाई जरा फिकी झाली आहे. उलटा करून मागच्या बाजूनं बोट फिरवलं. अक्षरं अजून हाताला लागतात.

कागद लिफाफ्यात घातला, लिफाफा खोक्यात, आणि वर आले. फोन वाजत होता.